माझाच हात हलला

"जर्मन रायफल गेली उडत! माझ्या बाबांनी तश्शीच बनवलीये," असं मी अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. आज नेमबाजीच्या सरांनी माझ्या हातात बाबांची रायफल आणि दहा छर्रे ठेवले. "पोरीनं नेम साधला, तर अकॅडमीसाठी अशा वीस घेतो, मेस्त्री," ते बाबांना म्हणाले.

मी तर हवेतच होते! पण पहिला छर्रा वर गेला, दुसरा खाली, पुढचे कुठेही. मागं उभ्या बाबांकडे बघवेना.

"माझाच हात हलला, सर," मी पटकन म्हणाले. "रायफल एकदम झकास आहे. उद्या परत मारते."

सर हसून "बरं" म्हणाले. बाबांनी रायफल उचलली.

आमच्या कारखान्यात आल्यावर बाबांनी रायफल लेथशेजारच्या लोखंडी शेगड्याच्या जबड्यात घट्ट आवळली, समोर नेमाचं कार्ड लावलं आणि स्वतः दहा छर्रे सोडले. एक वर, एक खाली, बाकीचे कुठेही.

"शेगड्याचा हात हलत नाही, बाळा," ते म्हणाले. "सगळं जमलं, नळी तेवढी जमली नाही."

मग त्यांनी सरांना फोन लावला. "सर, माझ्या पोरीचा हात पक्का आहे. तिला तुमची जर्मन रायफल द्या."