मामांचं प्रास्ताविक

"दोनदा तबला लावला, दोनदा उतरला. आता यांचं आटोपल्याशिवाय मी हातोडी उचलत नाही," रहिमानकाका ऋजुताच्या कानाशी पुटपुटले.

माईकवर मामा होते. नव्या गायिकेला मॅनेजर घरातलाच हवा, बाहेरचे लुबाडतात, हा सल्ला त्यांनीच दिला होता आणि जागाही त्यांनीच भरली होती. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात भाचीची ओळख करून द्यायला ते उभे राहत. ती ओळख तिच्या बारशापासून सुरू होई. शेवटी शाल-नारळही "तिच्या वतीने" म्हणत तेच घेत.

आज कऱ्हाडच्या मंडळाने तिला जेमतेम अर्धा तास दिला होता. पुढच्या रांगेत वार्षिक महोत्सवासाठी नवे गायक निवडणारे तिघे बसले होते. वीस मिनिटं सरली, तरी मामा तिच्या चौथीतल्या बक्षिसापर्यंतच पोचले होते. संयोजकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग छताकडे. आईने उगाच पदर सारखा केला. मामांना सांगणार कोण? गाडी त्यांची, आणि एकदा रुसले की महिनाभराचा अबोलाही त्यांचाच.

एका परीक्षकाने वही मिटली. तेवढं मात्र ऋजुताला दिसलं. तिने आपला माईक पुढे ओढला.

"मामा," ती म्हणाली, आणि ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं, "तुम्ही माझे मामाच राहा. मॅनेजर मी दुसरा शोधते. आता बसा, मला गायचंय."