बोललं की हवा थांबते

"मिस्त्री, मी बोलायला लागलो की एसीची हवा थांबते. गप्प बसलो की परत सुरू," ट्रक ड्रायव्हर म्हणाला. त्याचा घसा पार बसला होता.

असले दीडशहाणे माझ्या गॅरेजात रोज येतात. वायर कुठेतरी लूज असते आणि भुतं यांच्या डोक्यात नाचतात.

मी केबिनमध्ये चढलो, दार लावलं, एसी चालू केला. मस्त गार हवा आली.

"कुठं मेला रे तुझा फॉल्ट?" मी काचेतून ओरडलो, आणि हवा थांबली. तोंड मिटलं, तशी परत आली.

योगायोग! या गाढवासमोर मी थोडाच मान्य करणार? मी इंजिन बंद केलं आणि फॅनचा फ्यूज उपटून खिशात टाकला. "आता कसली हवा येते बघू. मग तू बोल नाहीतर बोंबल."

एसीच्या जाळीवर हात धरून मी गप्प बसलो. जाळीतून काहीच येत नव्हतं. मी हसणार, इतक्यात मानेला गार लागलं. मागे फक्त झोपायचा बाक होता आणि त्याचा ओढलेला पडदा. गारवा थांबून थांबून येत होता, आणि दर वेळी थोडा जवळून.

"मिस्त्री, बोला काहीतरी!" खालून ड्रायव्हर घोगऱ्या आवाजात ओरडला. "गप्प बसू नका!"

मी तोंड उघडलं. जन्मभर चुरूचुरू चाललेल्या माझ्या जिभेला एक शब्द सुचेना, आणि गारवा मानेवरून कानापाशी आला.