थायलंडला कधी जावं

दाराची कडी वाजली तशी शिलाई मशीनवरची दीपा दचकली. आर्णीच्या निपचित दुपारी कडी वाजली की तिचं काळीज तिच्याआधी दाराशी पोचायचं.

दारात शेजारच्या मेश्रामकाकू होत्या.

"काय वं दीपा, आमचा रिटायर लोकांचा ग्रुप थायलंडले चालला. तुह्या नवऱ्याचं हॉटेल तिथंच ना? त्याले फोन लावून विचार बरं, कोणत्या महिन्यात जावं."

"फोन कायले, काकू? मलेच पाठ आहे," दीपा सुईत दोरा ओवत म्हणाली. "नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, हवा मस्त राह्यते. मे लागला की पाऊस सुरू होते, मग ऑक्टोबरपर्यंत हॉटेलं रिकामीच."

"पाहा! घरचा माणूस तिथं असला म्हणजे कसं पक्कं कळते," म्हणत काकू खुशीत गेल्या.

नवऱ्याचा, धम्मरत्नचा फोन दीड वर्षापासून बंद आहे, हे दीपानं कुणालाच सांगितलं नव्हतं. 'सीझन संपला की येतो' हे त्याचं शेवटचं बोलणं धरून तिनं तिथल्या बाराही महिन्यांचं हवामान मोबाइलवर पुन्हापुन्हा वाचलं होतं. सहा वर्षांच्या यशूला मात्र ती एकच सांगायची. बाबा तिथं स्वयंपाकी आहेत, हॉटेलात वर्षभर गर्दी असते, म्हणून त्यांना यायला जमत नाही.

खाटेवर झोपलीय असं वाटणारी यशू उठून बसली.


"आई, हॉटेल रिकामं राह्यते, तवा बाबा कोणासाठी सयपाक करतात?"