टेपवर राखलेला जीव

टेप पुन्हा अडली. नेव्हिलने आवाजाची खुंटी केसभर मागे घेतली, फीत सुरुवातीला आणली आणि बटण दाबलं. खोलीभर किरकिर सुरू झाली.

"काका, राहू द्या ना," हेदर म्हणाली. "मी भांडायला नाही आले."

"माहीत आहे. पण आलीच आहेस तर बघूनच जा, तुझा बाप काय चीज होता ते."

रॉनी, तिचा बाप आणि नेव्हिलचा थोरला भाऊ, वसंतात कॅनडात वारला. आपली राख इंग्लंडमधल्या हल बंदरात, आईबापांच्या थडग्यात ठेवावी, एवढंच त्याने मागितलं होतं. थडग्याचा हक्क धाकट्याकडे, नेव्हिलकडे. त्याने हेदरला फोनवर एका शब्दात नाही म्हटलं. शेवटी लेकीने राख हॅलिफॅक्सच्या समुद्रात सोडली. आता ती काही मागायला आली नव्हती. तिला फक्त विचारायचं होतं, का?

नेव्हिलचं उत्तर त्या टेपवर होतं. कॅसेटवरून खेळ चढवायचा जुना कॉम्प्युटर त्याने माळ्यावरून काढला. अँटेनाच्या तारेतून येणारं चित्र आताच्या टीव्हीवर नुसतं मुंग्यांचं वारूळ दिसायचं. मग त्याने कॉम्प्युटरची पेटी उघडली, चित्राची तार आतूनच उचलली आणि थेट बाहेर काढली. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं काचेसारखी उमटली. हाताला चटका बसला, पण पोरीसमोर खोटं पडायचं नव्हतं.

"मासेमारी बंद पडून बंदर बसलं तेव्हाची गोष्ट," तो म्हणाला. "ट्रॉलर गंजत उभे. आमचा बाप गेलेला, आई अर्धांगाने पलंगावर. कॅनडातल्या गोदीत मामाने एकाच भाच्याची सोय केली. एकाने जायचं, एकाने आईचं करायचं. रॉनी मला म्हणाला, तू जा. मी म्हटलं, तुझी दया नको. जिंकून जाईन, नाहीतर राहीन."

"मग?"

"मग त्याने खेळ लिहिला. डेस्मंड म्हणून त्याचा दोस्त होता, त्यांच्याकडे मोठा रंगीत टीव्ही. तिथे ठाण मांडून बसायचा. एक दिवस टेप घेऊन आला. म्हणाला, हे मैदान पार कर, फाटक गाठ, सुटलास. तीन जीव. मैदान सगळं काळं, खड्डे दिसायचे नाहीत. आंधळी कोशिंबीर नुसती! आईच्या उशाशी आमचा छोटा काळा-पांढरा टीव्ही होता, त्याच्यावर खेळलो. त्याला म्हटलं, माझ्या मागे उभा राहू नकोस. तो मागच्या दारात सिगारेट ओढत बसला, अंगणाकडे तोंड करून. मी दोनदा पडलो. शेवटचा जीव उरला तेव्हा खेळ आहे तसा टेपवर साठवला. मग पाऊल टाकलं आणि गेलो खड्ड्यात."

"साठवला होता तर पुन्हा खेळायचं की."

"तुझा बापही हेच म्हणाला. लाव टेप, कोण बघतंय? मी म्हटलं, मी तुझ्यासारखा लबाड नाही. तर मला काय म्हणावं त्याने? डोळे उघडे ठेवून खड्ड्यात गेलास, नेव्ह. राहायचंच होतं, तर तोंडाने सांगायचं."

चहाचा मग नेव्हिलने तेव्हा भावाच्या तोंडावर मारला होता. रॉनी कॅनडाला निघून गेला; त्यानंतर दोघांत शब्द नाही. आईला उचलणं, पुसणं, भरवणं, आणि उरल्या वेळात मासे कापणं, यातच तो पिकला. आई वारली तोवर त्याचं कुठे जायचं वय उरलं नव्हतं. रॉनीचे फोन यायचे. हा ठेवून द्यायचा.

हेदर बशीतल्या गार चिप्स चिवडत होती. "बाबा वेगळंच सांगायचे," ती हळू म्हणाली. "म्हणायचे, मी त्याला वाट काढून दिली होती. तोच निघाला नाही."

"वाट! ऐकलंस? मेल्यावरही त्याचं खोटं सुटत नाही. खेळ त्याचा, खड्डे त्याचे. मला अडकवायलाच खणले होते. दाखवतोच तुला वाट."

किरकिर थांबली. पडदा काळा झाला. मधोमध एक पांढरा ठिपका, वर कोपऱ्यात उरलेला एक जीव, खाली पांढरं फाटक. सगळं होतं तसं.

नेव्हिल चष्मा शोधत होता. हेदर पुढे वाकली.

"काका, ही निळी वाट आहे की. सरळ फाटकापर्यंत जातेय. तुम्ही हिच्यावरून का नाही गेलात?"

त्याने चष्मा लावला. काळ्यावर गडद निळी, बोटभर रुंद, खड्ड्यांना वळसे घालत गेलेली. जुन्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर हा निळा काळ्यातच बुडून गेला होता. ठिपका वाटेपासून एका पावलावर उभा होता.

मग त्याने कळ दाबली. ठिपका निळ्यावर आला. एक वळण, दुसरं वळण. जमीन कुठेच खचली नाही. फाटक उघडलं, पडदा पांढरा झाला आणि त्यावर रॉनीची अक्षरं एकेक करून उमटत गेली.

"सुटलास, नेव्ह. बॅग भर. आईला मी बघतो."