ढ ढगाचा

पक्षाघाताने बाबांची वाचा गेली, तेव्हापासून कुंदा त्यांना रोज अक्षरांची कार्डं दाखवून बोलायला शिकवत होती. लहानपणी तेच तिला चारचौघांत 'ए ढ' अशी हाक मारायचे. समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, "अहो, ती आठवण नव्याने मांडा. तुम्ही ढ नव्हतात, ते दमलेले असायचे." कुंदाने ते पाढ्यासारखं घोकलं, पन्नाशीत बी.ए.चा फॉर्मही भरला.

आज बाबांनी अडखळत का होईना, 'ड डब्याचा' म्हटलं. कुंदाने धीर करून पुढचं कार्ड धरलं.

"बाबा, हे काय?"

बाबांचे ओठ थरथरले. त्यांचं बोट कार्डावरून तिच्याकडे वळलं आणि चेहरा लख्ख उजळला.

"कुंदा!"

सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तिचं नाव घेतलं होतं. कुंदाला 'चूक' म्हणवेना.

"बरोबर, बाबा."