गालाला लावलेलं शेडकार्ड

आत्याने रंगांचं शेडकार्ड हेमांगीच्या गालाला लावलं आणि डोळे बारीक केले. "मोतिया नको, क्रीमही नको. या रंगांपुढे ही आणखीच सावळी दिसते. गडद बदामी घेऊ, त्यावर जरा उजळ वाटेल."

रविवारी मुलाकडची माणसं बघायला येणार होती, म्हणून घाईघाईने हॉल रंगवायला काढला होता. आई मान डोलवत होती. रंगारीकाका शिडीपाशी उभे राहून उगाच ब्रश झटकत होते. मागच्या स्थळाच्या वेळी याच आत्याने उजेड कमी यावा म्हणून खिडकीला जाड पडदे लावायला लावले होते.

हेमांगीने कार्ड गालावरून काढून घेतलं आणि पहिल्याच चौकोनावर बोट ठेवलं. "काका, हा द्या. सगळ्यात पांढरा."

"अगं, त्यापुढे तू काळी ठिक्कर दिसशील," आत्या म्हणाली.

"दिसू दे. बघायलाच येतायत ना?"

रविवारी पाहुण्यांना पोहे देऊन झाल्यावर आत्याने डोळ्यांनीच तिला कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. हेमांगीने ती उचलून पांढऱ्या भिंतीच्या मधोमध ठेवली, जाड पडदे पूर्ण बाजूला सारले आणि लख्ख उजेडात बसली.