आता लेकीकडे बघा

आईची बुबुळं शंकूसारखी पुढे आली होती. बारा वर्षं तिला माणसं नुसती धुरकट दिसत. घरात दोघीच. लेक तिला हाताला धरून लेन्स बसवणाऱ्या बाईंकडे घेऊन आली.

बाईंनी मोठी, कडक लेन्स सलाईनने काठोकाठ भरली. आईने मान खाली घातली आणि लेन्स अलगद डोळ्यावर बसली. बाईंनी निळ्या उजेडात तपासलं. आत एकही बुडबुडा नव्हता.

"वाचा बरं, काकू."

आईने समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून काढला. बाई खूश झाल्या. "आता लेकीकडे बघा की!"

आई वळली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने बाईंना हळूच विचारलं, "माझी मुलगी बाहेर बसलीय का?"

"अगं आई, मी इथेच आहे," लेक म्हणाली.

"आवाज तिचाच आहे," आई बाईंनाच म्हणाली.

बाईंनी समजावलं. "बारा वर्षांत चेहरा बदलतो हो, काकू."

"चेहरा कुठे बदललाय? चेहराही तिचाच आहे. पण ही ती नाही."

लेकीने बाईंच्या ट्रेमधली, लेन्सला चिकटवून ती ओढून काढायची छोटी रबरी दांडी उचलली.

आईने बाईंचा कोट घट्ट धरला. "काढू देऊ नका हो. मला दिसू दे."

लेकीने आईची हनुवटी प्रेमाने वर उचलली.

"डोळा मोठा उघड हं, आई."